रेडिसचा इन्स्टन्स 'चालू' दिसतो, पण सकाळी आकडे चुकलेले असतात: आमच्याकडे एकेक करून काय निघालं

आमच्या आंबाविक्रीच्या वेबसाइटमागे रेडिस आहे, म्हणजे डेटा मेमरीत ठेवणारा वेगवान डेटाबेस. त्याची क्लाउडवर चालणारी एक प्रत म्हणजे इन्स्टन्स. पाडव्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी सातला बागेतून काकांचा फोन आला. वेबसाइटवर त्यांच्या नावापुढे 'शिल्लक: -3 पेटी' असं दिसत होतं.

"रे झिला, रात्री होता ता सकाळी खंय गेला?"

रात्री झोपताना त्यांच्या 22 पेट्या शिल्लक होत्या. आंबा आढीत, गवतात, जागच्या जागी. फक्त आमच्या हिशेबातून गेला होता. उणे तीन पेट्या म्हणजे नेमकं काय, हे काकांना फोनवर समजावणं मला जमलं नाही. क्लाउडचा कन्सोल (सेवा सांभाळायचं पान) उघडला तर इन्स्टन्सपुढे हिरवा ठिपका आणि 'उपलब्ध' असा शब्द. म्हणजे कन्सोलच्या मते सगळं ठीक.

आठवड्यात सकाळच्या तक्रारीची ही चौथी वेळ. आधीच्या तिन्ही वेळी आम्ही काहीतरी रीस्टार्ट केलं, गाडी चालली, आणि 'क्लाउडचा काहीतरी लोचा' म्हणून विषय सोडून दिला. चौथ्यांदा बसून शोधलं तेव्हा कळलं की रोगाचं नाव एक असलं तरी रोग चार-पाच आहेत, आणि प्रत्येकाचं मूळ आम्हीच वाचवलेल्या पैशांत आहे.

आमची मांडणी

देवगडातल्या काही बागायतदारांच्या हापूसचं ऑनलाइन बुकिंग आम्ही दोघं जामसंड्यातल्या एका खोलीतून सांभाळतो. ऑर्डर, पैसे, पत्ते या कायमच्या नोंदी पोस्टग्रेस या डिस्कवरच्या डेटाबेसमध्ये. त्याच्या पुढ्यात रेडिस. त्यात गिऱ्हाइकांची लॉगिन सेशन्स, बास्केटमध्ये टाकलेल्या पेट्या अर्धा तास राखून ठेवणं, एसएमएसची रांग, आणि प्रत्येक बागेच्या शिल्लक पेट्यांचा आकडा. हा शेवटचा आकडा फक्त रेडिसमध्येच होता. का, तर वेगासाठी. दिवसाला काहीशे ऑर्डरींना कसला वेग लागतो, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

रेडिस भाड्याचा, क्लाउडवरची तयार सेवा. अशा सेवांत इन्स्टन्स नुसता 'थांबवून' ठेवायचं बटण बहुतेक ठिकाणी नसतं. तो असतो किंवा नसतो, आणि असेल तोवर मीटर फिरत राहतं. सगळीकडे असं नाही. एसएपी हाना क्लाउड या दुसऱ्या डेटाबेस सेवेच्या मोफत श्रेणीत इन्स्टन्स रोज रात्री आपोआप थांबतो, सकाळी हाताने सुरू करावा लागतो, आणि 30 दिवस सुरू केला नाही तर डिलीट होतो. आमच्याकडे ती सोय नव्हती म्हणून आम्ही शक्कल लढवली. रात्री 12 वाजता स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या सगळ्या डेटाची फाइल) घेऊन इन्स्टन्स डिलीट करायचा, पहाटे 5:30 ला त्याच स्नॅपशॉटवरून नवा उभा करायचा. एक छोटी स्क्रिप्ट, दोन वेळापत्रकं. बिल खरंच कमी झालं. ही योजना सुरू होऊन दहा दिवस झाले होते.

त्या दहा दिवसांत आम्ही 'रेडिस चालू आहे का?' एवढंच विचारत होतो. खरा प्रश्न 'हा कालचाच रेडिस आहे का?' असा होता.

आधी वय विचारा

काहीही रीस्टार्ट करायच्या आधी 'इन्फो सर्व्हर' चालवा. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थात रोमनच.) त्यात 'अपटाइम_इन_सेकंड्स' बघा. त्या सकाळी सातला आमच्याकडे तिथे 5,400 च्या आसपास आकडा होता, म्हणजे दीड तास. म्हणजे इन्स्टन्स वेळेवर, साडेपाचलाच जन्मला होता. शेजारीच 'रन_आयडी' असतो. प्रक्रिया नव्याने सुरू झाली की तो बदलतो. आम्ही आता दर पाच मिनिटांनी हे दोन्ही आकडे एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. कुणाला कळू न देता सेवा रीस्टार्ट झाली असेल, तर ती तिथे पकडली जाते.

मग 'डीबीसाइज', म्हणजे एकूण किती कीज (नावानिशी ठेवलेल्या नोंदी) आहेत. कालचा आकडा माहीत नसेल तर याचा काही उपयोग नाही, म्हणून तोही त्याच फाइलमध्ये.

या दोन गोष्टींत निम्मा निकाल लागतो. वय जास्त आणि कीज कमी, तर डेटा चालत्या इन्स्टन्समधून गेला. वय कमी आणि कीज कमी, तर डेटा परत येतानाच कमी आला, किंवा आल्यावर लगेच हाकलला गेला. वय कमी आणि कीज शून्य, तर स्नॅपशॉट लागलाच नाही. आणि जोडणीच होत नसेल, तर डेटाचा विचार सोडा, पत्ता तपासा.

पहिल्या दोन सकाळी: घड्याळ आणि पत्ता

पहिल्या सकाळी बास्केट चालत नव्हती. वेळापत्रक यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) चालतं, आणि आपण साडेपाच तास पुढे. रात्री 12 साठी 18:30 बरोबर लिहिलं होतं. सकाळसाठी 0:00 लिहायचं, तिथे माझ्या भागीदाराने 'सकाळी सहा झाले तरी चालेल' म्हणून 6:00 लिहिलं. ते आपले साडेअकरा. त्या दिवशी मी हातानेच इन्स्टन्स उभा केला, आणि साडेअकराला वेळापत्रकाने जागं होऊन त्याच नावाचा दुसरा उभा करायचा प्रयत्न करून चूक नोंदवली. त्या चुकीमुळेच कारण सापडलं. वेळापत्रकात टाइम झोन लिहायची सोय असेल तर 'एशिया/कोलकाता' स्पष्ट लिहा आणि मोकळे व्हा.

दुसऱ्या सकाळी इन्स्टन्स वेळेवर उठला, पण अॅप त्याला भेटेना. आमच्या सेवेत इन्स्टन्सच्या पत्त्यात मधोमध काही अक्षरं दरवेळी नवी येतात, आणि अॅप कालच्या पत्त्यावर दार ठोठावत होतं. आता अॅपला आमच्या स्वतःच्या डोमेनमधलं एक कायमचं नाव दिलंय. ते खऱ्या पत्त्याकडे बोट दाखवतं, आणि त्याचा डीएनएस टीटीएल (नावामागचा पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) 60 सेकंद आहे. एवढं करूनही जुन्या जोडण्या धरून बसलेला कनेक्शन पूल असेल तर तो तुटल्यावर नाव नव्याने शोधतो की आधीचाच आयपी वापरतो, हे तुमच्या क्लायंट लायब्ररीत (रेडिसशी बोलणाऱ्या तयार कोडमध्ये) बघून घ्या. आमची लायब्ररी जुनाच आयपी वापरत होती.

ज्यांचा रेडिस भाड्याचा नाही, स्वतःच्या कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा बंदिस्त चालवायच्या डब्यात) आहे त्यांच्यासाठी या जागी तिसरीच गंमत असते. सुरू होताना रेडिस सगळी फाइल मेमरीत भरतो, आणि तोवर प्रत्येक प्रश्नाला 'लोडिंग' असं उत्तर देतो. हेल्थ चेक (सेवा धड आहे का हे विचारत राहणारी तपासणी) उतावीळ असेल तर तो त्याला आजारी समजून मारतो, कंटेनर पुन्हा सुरू होतो, पुन्हा भरायला लागतो, पुन्हा मार खातो. अशा वेळी सुरुवातीला दिलेली वेळेची सवलत वाढवा, बाकी काही करू नका.

तिसरी सकाळ: झोपेतही घड्याळ चालतं

त्या दिवशी बहुतेक गिऱ्हाइकं लॉगआउट झाली होती आणि काहींना 'तुमची पेटी निघाली' हा एसएमएस दोनदा गेला. पुण्याच्या एका आजींनी फोन करून विचारलं, दोन पेट्या येणार का, एकीचेच पैसे दिलेत.

रेडिसमध्ये एखाद्या कीला 'पाच तासांनी संप' असं सांगितलं तर तो 'पाच तास' लक्षात ठेवत नाही. तो संपण्याची घटका लिहून ठेवतो, मिलिसेकंदांपर्यंत. स्नॅपशॉटच्या आरडीबी फाइलमध्येही तीच घटका जाते. इन्स्टन्स डिलीट झालेला असताना घड्याळ थांबत नाही, आणि सकाळी फाइल भरताना ज्या कीजची घटका उलटून गेलीय त्या दारातच टाकून दिल्या जातात. आमची सेशन्स पाच तासांची होती. रात्री बाराला स्नॅपशॉट, साडेपाचला जागरण. मुदत असलेलं एकही सेशन वाचणं शक्य नव्हतं.

एसएमएसचं थोडं वेगळं. 'हा निरोप पाठवला' अशी खूण आम्ही पाच तासांसाठी ठेवायचो, म्हणजे तोच निरोप रांगेतून दुसऱ्यांदा आला तर थांबवता येईल. रांगेतल्या नोंदींना मुदत नव्हती, खुणांना होती. एसएमएस पाठवणारा प्रोग्राम रात्री बाराला मधेच तुटला. काही निरोप गेले होते, पण रांगेतून पुसले गेले नव्हते. सकाळी रांग परत आली, खुणा आल्या नाहीत.

हे ओळखायला रेडिस 7.0 पासून फार चांगली सोय आहे. 'इन्फो पर्सिस्टन्स'मध्ये 'आरडीबी_लास्ट_लोड_कीज_लोडेड' आणि 'आरडीबी_लास्ट_लोड_कीज_एक्स्पायर्ड' असे दोन आकडे येतात, भरताना किती आत घेतल्या आणि किती दारात टाकल्या. आमच्याकडे दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा होता. हे मला आधी माहीत असतं तर आजींचा फोन टळला असता. उपाय म्हणून पाठवल्याची खूण आता पोस्टग्रेसमध्ये एसएमएसच्या ओळीवरच पडते. सेशन्सचं काही केलं नाही. सकाळी लोकांनी पुन्हा ओटीपी टाकला तर कुणाचं काही बिघडत नाही.

चौथी सकाळ: उणे तीन

आता काकांच्या पेट्या. वय बरोबर, भरताना कीज बरोबर आलेल्या, तरी त्यांचा आकडा गायब. 'इन्फो स्टॅट्स'मध्ये 'इव्हिक्टेड_कीज' बघितलं आणि पोटात गोळा आला. दीड तासात काही हजार कीज मेमरी कमी पडते म्हणून हाकलल्या गेल्या होत्या. (हा आकडा रीस्टार्टनंतर शून्यापासून सुरू होतो. त्यामुळे तिथे शून्य दिसलं म्हणून काल काही हाकललं गेलं नाही असं समजू नका.)

'इन्फो मेमरी'त 'मॅक्समेमरी_पॉलिसी'पुढे (मेमरी भरली तर काय काढायचं तो नियम) 'ऑलकीज-एलआरयू' लिहिलेलं होतं. आमच्या मूळ इन्स्टन्सवर 'व्होलाटाइल-एलआरयू' होतं. फरक मोठा आहे. 'व्होलाटाइल' म्हणजे मेमरी भरली तर ज्यांना मुदत घातलीय अशाच कीज काढ. पेट्यांच्या आकड्याला मुदत नव्हती, म्हणून तो सुरक्षित. 'ऑलकीज' म्हणजे सगळ्या सारख्या, ज्याच्याकडे बरेच दिवस कुणी बघितलं नाही तो आधी बाहेर (एलआरयू म्हणजे हेच). स्नॅपशॉटमध्ये डेटा येतो, सेटिंग्ज येत नाहीत. ती स्क्रिप्टमधून येतात, आणि स्क्रिप्टमधली सेटिंग्जची फाइल मी एका जुन्या प्रकल्पातून उचलली होती. तिथे रेडिस नुसता कॅश (मूळ दुसरीकडे असलेल्या डेटाची तात्पुरती प्रत) होता, आणि कॅशला 'ऑलकीज-एलआरयू' अगदी योग्य.

काकांचीच पेटी का गेली याचंही उत्तर त्यातच आहे. त्यांच्या बागेचं पान सगळ्यात कमी उघडलं जायचं. ज्यांचा आंबा धडाधड खपत होता त्यांचे आकडे सतत हाताळले जात होते, म्हणून राहिले. एलआरयूला आंब्याची चव कळत नाही.

मग शून्य का नाही, उणे तीन का? कारण रेडिसमध्ये नसलेल्या कीवर 'डीईसीआर' (एक वजा कर) चालवलं तर तो ती शून्य धरतो आणि त्यातून एक वजा करतो. तीन गिऱ्हाइकांच्या फोनवर रात्रीचंच पान उघडं होतं. त्यांनी सकाळी बटण दाबलं. उणे एक, उणे दोन, उणे तीन. अॅपने एकदाही विचारलं नाही की ही की आहे तरी का. हा दोष ना क्लाउडचा ना रेडिसचा, सरळ आमचा. आता वजाबाकी लुआ या भाषेतल्या, रेडिसच्या आतच चालणाऱ्या एका छोट्या स्क्रिप्टमधून होते: की नसेल तर थांब आणि पोस्टग्रेसमधून मोजून आण, शिल्लक पुरेशी नसेल तर नाही म्हण, नाहीतर वजा कर. रेडिस ती स्क्रिप्ट एका दमात चालवतो, मधे दुसरं कुणी घुसत नाही.

(जाता जाता: 'टीटीएल' कमांडने उणे एक दिलं तर की आहे पण तिला मुदत नाही, उणे दोन दिलं तर कीच नाही. त्या सकाळी आम्ही दोघं एकाच पडद्यावरचे दोन वेगळे उणे एक बघून दहा मिनिटं भांडलो.)

एवढं झाल्यावरही एक प्रश्न राहिलाच. मेमरी भरतेच का? गिऱ्हाइकं तेवढी नव्हती. 'कीज स्टार' चालवून सगळ्या कीज एकदम मागवायचा मोह होतो, तो चालत्या इन्स्टन्सवर करू नका. रेडिस कमांड एकामागून एकच चालवतो, आणि तेवढा वेळ बाकी सगळे ताटकळतात. 'स्कॅन'ने थोड्या थोड्या मागवल्या आणि प्रत्येकीची मुदत तपासली. हजारो सेशन्सना मुदतच नव्हती.

सेशन तयार करताना आम्ही मुदत घालत होतो. पण गिऱ्हाइकाने पत्ता बदलला की तेच सेशन 'सेट'ने पुन्हा लिहीत होतो, आणि साधं 'सेट' आधीची मुदत पुसून टाकतं. मुदत राखायची तर रेडिस 6.0 पासून 'कीपटीटीएल' हा पर्याय आहे. तो एक शब्द घातल्यावर मेमरीचा आलेख दोन दिवसांत खाली आला.

आणि यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट. योजनेच्या आधी, मूळ इन्स्टन्सवर, संध्याकाळच्या गर्दीत अधूनमधून 'ओओएम' अशी चूक यायची: मेमरी भरलीय, लिहू देणार नाही. रोज नवा इन्स्टन्स उभा राहायला लागल्यापासून ती चूक बंद झाली, आणि आम्ही खूश झालो. ओरड बंद झाली होती, कारण हाकलायला आता मुदत नसलेल्या कीजही मोकळ्या होत्या.

आणि मग ज्यादा विक्री

एवढं शोधून सेटिंग्ज दुरुस्त केली, आणि तीनच दिवसांनी आदल्या दिवशी विकलेल्या पेट्या सकाळी पुन्हा शिल्लक दिसू लागल्या. हे उणे तीनपेक्षा वाईट. उणे तीन डोळ्यांना खुपतं तरी. इथे आकडा अगदी शहाण्यासारखा दिसत होता, फक्त कालचा होता. आमच्या लक्षात येईपर्यंत काही पेट्या दोघादोघांना विकल्या गेल्या, आणि अक्षय्य तृतीयेला आंबा हवाच असणाऱ्या माणसांना फोन करून तारीख पुढे मागण्यात आमची अख्खी दुपार गेली. काकांनी स्वतःच्या घरच्यासाठी ठेवलेल्या दोन पेट्या दिल्या, म्हणून निभावलं.

घडलं असं. स्नॅपशॉट घेताना रेडिस स्वतःच्या चालत्या प्रक्रियेची एक प्रत काढतो, याला फोर्क म्हणतात. ती प्रत फाइल लिहीत असताना मूळ प्रक्रियेत जे जे बदलेल त्याची मेमरी दुप्पट लागते. त्या रात्री बाराच्या सुमारास कुठल्याशा ग्रुपवर आमची लिंक फिरली, लिहिणं वाढलं, मोकळी मेमरी पुरली नाही आणि स्नॅपशॉट फसला. स्क्रिप्टने 'स्नॅपशॉट घे' सांगितलं, तो झाला का हे विचारलं नाही, आणि इन्स्टन्स डिलीट केला. सकाळी 'सगळ्यात नवा स्नॅपशॉट' शोधला, तर तो त्याच्याही आदल्या रात्रीचा.

आता डिलीट करायच्या आधी स्क्रिप्ट तीन गोष्टी बघते: स्नॅपशॉटची स्थिती पूर्ण, त्याची वेळ गेल्या पंधरा मिनिटांतली, आणि आकार कालच्या निम्म्याहून कमी नाही. एक जरी चुकली तरी इन्स्टन्स तसाच चालू राहतो आणि मला मेसेज येतो. एका रात्रीचं भाडं जाऊ दे. शिवाय साधारण एक चतुर्थांश मेमरी फोर्कसाठी राखून ठेवलीय. ती 'वाया' दिसते म्हणून वापरायला काढू नका.

सध्या काय चाललंय

एप्रिल-मेमध्ये रात्रीचं डिलीट करणं आम्ही बंदच केलं. ऐन हंगामात वाचणारे पैसे आणि जाणारी झोप यांचा हिशेब जमत नाही. इन्स्टन्सची सगळी सेटिंग्ज आता टेराफॉर्मच्या (क्लाउडची मांडणी फाइलीत लिहून उभी करायचं साधन) फाइलमध्ये आहेत, आणि तिथल्या 'लाइफसायकल' भागात 'प्रिव्हेंट_डिस्ट्रॉय' खरं ठेवलंय. म्हणजे टेराफॉर्मकडून चुकून डिलीट व्हायला गेलं तर ते तिथेच अडकतं. कन्सोलवरून कुणी हाताने डिलीट केलं तर मात्र ही ओळ काही करू शकत नाही, त्यासाठी सेवेतलं डिलीट-संरक्षण वेगळं चालू केलंय. पेट्यांचा खरा आकडा पोस्टग्रेसमध्ये गेला. रेडिसमध्ये त्याची प्रत असते, आणि नवा इन्स्टन्स उभा राहिला की एक स्क्रिप्ट ती प्रत मोजून भरते. ते व्हायच्या आधी अॅप विक्रीच उघडत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला, आंबा संपला की मात्र इन्स्टन्स पूर्ण काढतो. इकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर वर ओढलेल्या, तेव्हा आमचाही रेडिस वर. शेवटचा स्नॅपशॉट डाउनलोड करून लॅपटॉपवरच्या रेडिसमध्ये भरून बघायचा, 'डीबीसाइज' जुळवायचा, मगच मूळ काढायचा. नुसती फाइल आहे म्हणून समाधान मानायचं नाही, ती उघडून बघायची.

फाइलच्या नावात रेडिसची आवृत्तीही लिहून ठेवा. नवा रेडिस जुनी आरडीबी वाचतो, जुना रेडिस नवी वाचत नाही. मार्च 2024 मध्ये रेडिसचा परवाना बदलल्यावर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की ही रेडिसचीच मुक्त शाखा निघाली, आणि बऱ्याच क्लाउड सेवा आता नवा इन्स्टन्स काढताना तीच पुढे करतात. व्हॅल्की रेडिस 7.2 पर्यंतच्या फाइलींशी सुसंगत आहे, 7.4 आणि पुढच्यांची खात्री धरू नका. आमची फाइल 7.2 ची आहे. फेब्रुवारीत पहिली पेटी भरायच्या दोन आठवडे आधी ती व्हॅल्कीवर भरून बघणार आहोत.